इंग्रजीत नवऱ्याचं नाव

मे महिन्यात तेलंगणातल्या आमच्या नार्नूरकडं विहिरी आटते आन किस्से भरते. शेतात काम नसते, मंग तोंडालेच काम! पन यंदा जे साचले ना बापा, सांगून सांगून सरून नाही राह्यले. कारन एकच, गावातलं इंग्रजीचं समर कॅम्प.

कॅम्पवाल्या साहेबानं थेट पोलंडहून हॅना टीचर आनली. फुकट शिकवाले आली बिचारी! तिच्या जोडीले गावातला एक मास्तर पायजे होता. साहेबानं मले इचारलं, "तुले इंग्रजी येते?"

मी म्हनलं, "येस सर!"

"दहावीत इंग्रजीत पास झाला?"

"सॉरी सर!"

साहेब म्हने, "दोन्ही बरोबर बोलला. ठेवा याले!"

असा मी मास्तर झालो.

*

हॅना टीचरच्या देशात ऊन पडलं म्हनजे दिवाळीच! पह्यल्याच दिवशी भर दुपारी म्हने, "चला, बाहेर उन्हात शिकू!" पोट्टे बाहेर निघाले आन सीधे लिंबाखाली जाऊन बसले. टीचर एकटीच उन्हात, टमाट्यावानी लाल!

तिकून माही आजी धावत आली. टीचरच्या खिशात कांदा कोंबला. म्हने, "ऊन लागत नाही यानं. काढू नको, बाई!"

टीचरले एवढं पटलं का दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून पोट्ट्यायचे खिसे तपासे. "नो कांदा, नो क्लास!"

अर्धे पोट्टे त्या दिवशी खुशीनं घरी गेले.

*

ज्या घरी जाय त्या घरी टीचरले चहा. पोट फुगलं तिचं. मले म्हने, "नको, पुरे, हे मराठीत कसं म्हनाचं?"

मी शिकवलं, "अजून द्या!"

मंग काय! टीचर हात जोडून म्हने, "अजून द्या!" आन बाया कौतुकानं कप भरून राह्यल्या.

पन टीचर बी कमी नाही. आमच्या घरी जेवाले आली, माह्या ताटात तशीच सरकवून ठेवलेली कारल्याची भाजी पाह्यली आन आजीले माह्याकडं बोट दाखवून म्हने, "अजून द्या!"

*

सांजीले बायायचा क्लास. तिथं भाजी विकनारी शोभाकाकू रोज पह्यल्या रांगेत. तिले इंग्रजीची गरजच पडली होती. तिच्या पिंकीले उटनूरच्या इंग्लिश शाळेत घालाचं होतं, आन तिथं आईचाबी इंटरव्ह्यू असते. बाप ट्रकवर, मंग जाईन कोन? गेल्या साली एक आई गप बसली, तिच्या पोरीची सीट गेली.

काकू फाडफाड शिकली. माय नेम, माय व्हिलेज, सारं पाठ. एका जागी मात्र गाडी अडे.

"व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

काकू गप. पुरी रांग गप!

मी म्हनलं, "टीचर, आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव घेत नाही."

काकू लय जोर लावून बोलली, "पिंकीज फादर!"

टीचर म्हने, "दॅट इज हिज ड्यूटी! नेम?"

काकूनं पदरात तोंड खुपसलं. मी समजावलं, "काकू, एक शब्द हाय. बोलून टाक!" तं मलेच म्हने, "तू काऊन मधात मधात करून राह्यला बे? तुह्यी बायको आली का पाहीन तिले!"

*

पिंकी आता त्याच शाळेत शिकून राह्यली, म्हून हसत सांगतो. त्या दिवशी हसू नव्हतं. काकूच्या संगं मी बी गेलतो. खुर्चीवर हेडमॅडम, तेलुगू, कडक. पिंकी आईच्या लुगड्याले धरून.

नाव, गाव, धंदा, काकूनं सारं धडाधड सांगितलं. मंग मॅडमनं इचारलं, "हजबंड्स नेम?"

काकू गप. मॅडमनं चष्मा काढला. पुन्हा इचारलं. पिंकीचे डोये भरून आले.

काकूनं पोरीकडं पाह्यलं. मंग उभी राह्यली, डोक्यावर पदर घेतला, आन म्हने,

"वन केजी टोमॅटो, ब्रिंजल टू,
दिगंबर इज माय हजबंड, मॅडम, नाऊ यू!"

मॅडम काकूकडं पाहे, काकू मॅडमकडं. काकू काही बसाले तयार नाही!

मॅडमनं शिपायाले बाहेर काढलं. दार लोटून घेतलं. मंग पदर तोंडाले लावून हळूच म्हने,

"श्रीनिवास."