कोरे टायर

आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि माळा रिकामा करायची वेळ आली, तेव्हा सगळ्यात आधी खाली आले ते चार टायर. माझ्या जुन्या सुती साड्यांत गुंडाळलेले, वरून सुतळी. हमाल म्हणाला, "मावशी, भंगारात ना?" त्यावर ह्यांनी खुर्चीतून असा काही हात वर केला की तो बिचारा मागे सरला. रागाने थरथरतायत असं त्याला वाटलं असणार. राग होताच, पण हात एरवीही थरथरायचा. कंपवात होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.

टायर ज्या गाडीचे, ती खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. दोन दारांची, एवढीशी विलायती गाडी, ह्यांनी लग्नाआधी जुनी म्हणून घेतलेली. मला बघायला आले तेही तिच्यातूनच. माझ्या वडलांना जावई पसंत पडला की गाडी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ती गाडी ह्यांनी कुणालाही चालवायला दिली नाही. मलाही नाही. "तुझा हात जड आहे," म्हणायचे.

कंपनीने ह्यांना एकदा ट्रेनिंगसाठी परदेशी पाठवलं होतं. बाकीच्यांनी येताना कॅमेरे आणले, अत्तरं आणली. ह्यांनी टायर आणले, बोटीने. शर्यतीच्या गाड्यांना घालतात तसल्या मऊ रबराचे, पण नेमके एवढ्याशा चाकांच्या मापाचे. ते रस्त्याला कसे चिकटून चालतात, वळणावर गाडी कशी हलत नाही, हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. आणि आणून ते माळ्यावर ठेवले. चांगले आहेत ना, मग उगाच कशाला झिजवायचे? आधी रस्ते खणलेले होते. मग पावसाळा आला. मग चालू टायर "अजून दोन वर्षं सहज जातील" असे निघाले. त्यांना हसायचा मला अधिकार नाही. माझा काचेचा डिनर सेट त्याच माळ्यावर, त्याच टायरांच्या शेजारी, पाहुण्यांची वाट बघत बसला होता. आले ते सगळे पाहुणे स्टीलच्या ताटांत जेवून गेले.

दिवाळीच्या आत जागा सोडायची होती. आम्ही भाड्याने घेतलेला फ्लॅट कर्वेनगरात, लिफ्ट आहे, पार्किंग नाही. गाडी खडकवासल्याच्या पुढे माझ्या नणंदेच्या शेडमध्ये ठेवायचं ठरलं. तेव्हा हे म्हणाले, "गाडी मी नेणार. ड्रायव्हर नको, क्रेन नको. गेटमधून ती मी बाहेर काढणार."

डॉक्टरांनी गाडी बंद केली होती. मी भांडले. एक आठवडा भांडले. पण त्या वर्षात ह्यांच्या हातून एकेक गोष्ट निघून गेली होती. दाढी गेली, सही गेली, शर्टाची बटणं माझ्याकडे आली. कशाबद्दल तक्रार नाही. मागितलं ते एवढंच. शेवटी मी हो म्हटलं. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असतो, मी शेजारी बसेन, हँडब्रेकवर हात माझा. ह्यांना अट मान्य होती. म्हणाले, "हात जड आहे तुझा, तिथे उपयोगी पडेल."

मग त्यांनी माळ्यावरून उतरवलेल्या टायरांची सुतळी सोडायला सांगितली. मी एक टायर त्यांच्या मांडीवर ठेवला. उभं आयुष्य ह्यांनी कंपनीत रबराचे भाग तपासायचं काम केलेलं. अंगठ्याचं नख दाबून बघितलं. वण उठला नाही. मग दोन्ही हातांनी कड वाकवली, तर बारीक बारीक भेगा उघडल्या, टाचेला पडतात तशा.

"गेले," हे म्हणाले. "एक किलोमीटर पळाले नाहीत आणि गेले."

"अहो, पण कोरे आहेत की!"

"रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. कडक होतं. पावसात ह्यांच्यावर गाडी साबणासारखी घसरेल." वाकवलेली कड सोडून देत म्हणाले, "मला माहीत होतं गं. नोकरीच ती होती माझी."

मी चहा टाकला. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात. आमच्याकडे दोन्ही एकाच वेळी होते. आम्ही चणे माळ्यावर ठेवले.

नवे टायर निवडण्यात पुढचे पंधरा दिवस गेले. त्या दिवसांत हे खुशीत होते, ते मला आजही बरं वाटतं. एवढ्या लहान चाकाचा चांगला टायर कुणी ठेवत नाही, मागवावा लागतो. कोथरूडच्या दुकानदाराशी फोनवर रोज हुज्जत चालायची. तो अस्सल पुणेरी. म्हणाला, "काका, ह्या गाडीला शर्यतीचे टायर? सोसायटीच्या गेटपर्यंत शर्यत आहे का?"

"आहे," हे म्हणाले. "तुम्ही सांगा, टायर आहेत का नाहीत?"

त्याच्याकडे दोन प्रकार होते. एक टणक रबराचा. "हा घाला आणि विसरून जा. तुम्ही थकाल, टायर नाही थकणार." दुसरा मऊ, ओल्या रस्त्यावरही धरून राहणारा, पण भराभर झिजणारा. जन्मभर ह्या माणसाने टिकेल तेच घेतलं. चपला, कुकर, पंखे, सगळं. मी गृहीत धरलं की टणकच येणार.

"मऊ द्या," हे म्हणाले.

"काका, लवकर झिजतील हं. नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

"झिजू देत."

मला इतका राग आला! हे शब्द तीस वर्षांपूर्वी उच्चारले असते तर काय बिघडलं असतं? मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

राहिली रुंदी. ह्यांच्या मनात रुंद टायर होते, वळणावर जास्त पकड देणारे. पण रुंद टायरांनी जुन्या गाडीचं स्टिअरिंग जड होतं. म्हणून मी त्यांना खाली नेलं, कव्हर काढलं, सीटवर बसवलं. उभ्या गाडीचं चाक त्यांनी फिरवून बघितलं. थोडं फिरलं आणि थांबलं. पुन्हा जोर लावला. मान लाल झाली. मी दुसरीकडे बघत राहिले.

"अरुंदच घेऊ," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मूळ गाडीलाही अरुंदच होते."

टायर आले ते नेमके पितृपंधरवड्यात. दुकानाच्या माणसांनी पार्किंगमध्येच ते चढवले. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, तान्ह्या बाळाच्या जावळासारखे. ह्यांनी वाकून त्यांवरून तळवा फिरवला. म्हणाले, "पहिल्या फेरीतच झिजतात हे. चार घरं फिरून आलं की नाहीसे."

"मग उद्या रविवारच आहे, पहाटे निघू या," मी म्हटलं.

"पंधरवडा आहे. दसऱ्याला काढू."

मी बघतच राहिले. पंधरवड्यात मुद्दाम नवी चप्पल घालून आईला चिडवणारा हा माणूस. पंधरवडा पाळते ती मी. मी म्हटलं, "तुमचे पितर मी सांभाळते. उद्या निघायचं." हे कव्हराची दोरी चाचपू लागले. तेव्हा मला उमगलं. त्यांच्याजवळ खाली बसून विचारलं, "भीती वाटते का?"

"वाटते," हे म्हणाले. "गोळी बदलली आहे ना आता. दसऱ्यापर्यंत हात जरा बसेल."

मी उठले. कव्हर पुन्हा घातलं.

नवरात्रात तिसऱ्या माळेला हे बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसवली, आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की ह्या आजारात असं झालं की माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालत नाही. दसऱ्याला मी दवाखान्यातून घरी आले, गाडीला झेंडूची माळ घातली, चारही चाकांपुढे लिंबं ठेवली. ती चिरडली जायची असतात. चिरडणारं कुणी नव्हतं. काही दिवसांनी वाळली, तेव्हा वॉचमनने झाडून टाकली.

कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आणल्यावर एका दुपारी हे म्हणाले, "विकून टाक."

"मी शिकते," मी म्हटलं. "इतकी वर्षं स्कूटर चालवतेय. मी नेते तिला, तुम्ही शेजारी बसा."

ते म्हणाले, "आधी द्यायला हवी होती तुला." आणि मग, "आता मला बसता यायचं नाही गं तिच्यात."

गिऱ्हाईक लगेच मिळालं. एक तरुण, भला वाटला. तो गाडी न्यायला येणार त्या सकाळी ह्यांनी मला जवळ बोलावलं. आता बोलणंही पुसट झालं होतं, कान तोंडाजवळ न्यावा लागायचा. "त्याला सांग, ओल्यात पकड चांगली आहे. पावसात काढ म्हणावं. जपू नकोस म्हणावं."

जुन्या सोसायटीत मी पोचले तेव्हा अर्धे फ्लॅट रिकामे झाले होते, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा काढून नेल्या होत्या. गाडीसाठी सपाट पाठीचा ट्रक आला होता. साखळी लावून तिला वर ओढून घेतली. चाकं फिरली ती तेवढीच. गेटमधून ती बाहेर पडली, पण दुसऱ्याच्या पाठीवर बसून. टायर माझ्या डोळ्यांच्या उंचीला आले होते. रबराचे केस जसेच्या तसे उभे होते.

"काकू, टायर तर एकदम कोरे!" तो तरुण म्हणाला. "काकांनी फार जपलीय गाडी."

मी निरोप सांगितला. अक्षर न अक्षर सांगितलं. तो हसला. "छे हो काकू, पावसात कशी काढेन? बंगल्याच्या हॉलमध्ये काचेमागे ठेवणार आहे. रस्त्यावर आणणारच नाही. काकांना सांगा, काळजी करू नका."

घरी आले. हे जागेच होते. डोळ्यांनीच विचारलं.

"सांगितलं," मी म्हटलं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, रोज चालवीन. पावसातसुद्धा."

ह्यांची मान हलली. ती हो म्हणून हलली की नेहमीसारखी आपोआप, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. संध्याकाळी पेज केली आणि माळ्यावरून आलेल्या खोक्यातून काचेचा एक वाडगा काढून त्यात वाढली. चमच्याने भरवताना तो वाडगा ह्यांच्या हाताचा धक्का लागून पडला आणि फुटला. मी तुकडे गोळा केले आणि दुसरा काढला.