उणे वीसमधला फोटो

इथे आखातात, मंगफला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ रिफायनरीत इंजिनिअर आहेत, पण स्वतःची ओळख ते 'हिमछायाचित्रकार' अशी करून देतात. दर जानेवारीत बायकोला घेऊन ते हिमाचलात बर्फाचे डोंगर टिपायला जातात आणि उरलेलं वर्षभर आम्हाला तिथली थंडी ऐकवतात. बाहेर पन्नास अंशांत डांबर वितळत असलं, तरी लिफ्टमध्ये म्हणतात, "ही कसली हवा! उणे वीसमध्ये उभं राहून बघा."

यंदा परत आल्याआल्या त्यांनी शेजाऱ्यांना नवा फोटो बघायला बोलावलं. पहाटेच्या उन्हात सोनेरी झालेलं ते शिखर खरोखर सुंदर होतं.

"बोटं बधिर झाली, पण मी हललो नाही," ते सांगू लागले.

वहिनी चहा घेऊन आल्या. कप देताना त्यांच्या बोटांची सोललेली कातडी मला दिसली.

"हलणार कसे? हीटर लावून गाडीत बसला होतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "फोटो मी काढलाय."

आम्ही सगळे आपापल्या कपात बघू लागलो. ते मात्र क्षणभरच गडबडले.

"अगं, पण कुठे उभं राहायचं, हे ओरडून कोण सांगत होतं? त्या थंडीत गाडीची काच खाली करायला छाती लागते!"