शार्कची सोयरीक

माझी मंडळी, म्हणजे बायको, वारली आणि घरात दोघं उरलो. मी, आणि तिचा शार्क.

शार्क म्हटलं की आलेला माणूस पाय वर घेऊन बसतो. खुशाल खाली सोडा. बोटाएवढा मासा आहे. अंग काळंकुट्ट, शेपूट लाल. दुकानदार त्याला शार्क म्हणतात, कारण नुसता मासा म्हटलं तर कुणी ढुंकून बघणार नाय.

फिशटँक तिचा. बाकीचे मासे तिच्या आजारपणात एकेक करून गेले. दवाखान्याच्या खेपांत तिकडं बघायला कुणाला सवड होती? हा तेवढा राहिला. ती गेल्यावर हा टँकच्या तळातल्या करवंटीत शिरला तो बाहेर यायचं नाव घेईना. काळा रंग उडून चुलीतल्या राखेसारखा झाला. दाणे टाकले की तसेच तळाला पडून. मला धास्ती बसली. तिच्या हातचं खाल्लेलं घरात आता मी सोडून तेवढंच एक जितं होतं. त्यानं मरू नये, एवढंच मला पाहिजे होतं.

आमच्यात दुखवट्याला सोयरे टॉवेल-टोपी आणतात. करमाडच्या जावयानं पिशवीत पाणी भरून गोल्डफिश आणला.

"मामा, त्याला एकटं वाटत असंल. सोबत आणली."

जावई शिकलेला. त्यामुळं बोलायची सोय नाय. गोल्डफिश टाकला. गुटगुटीत, आळशी, मागं फेट्याच्या शेमल्यासारखी लांब शेपटी. शार्क झटक्यात बाहेर आला आणि त्याच्या मागं मागं फिरायला लागला.

"बघा आबा, कशी गट्टी जमली!" पोरगी म्हणाली.

गट्टी कसली? दिवस मावळायच्या आत शेमल्याची सुतळी झाली. उरलेला गोल्डफिश बादलीत घालून जावयाच्या हवाली केला. तो म्हणाला, "दोघांचा स्वभाव जुळला नाय." मी म्हणलं, व्हय, एकाला खायचं होतं आणि दुसऱ्याला जगायचं होतं.

मग पैठणहून माझी थोरली बहीण आली. अक्कानं आयुष्यभर सोयरिकी जुळवल्या. त्यातल्या बऱ्याच टिकल्या, काही अजून कोर्टात आहेत. टँकपुढं खुर्ची ओढून ती स्थळ बघायला बसावं तशी बसली.

"येड्या, जात बघायची का नाय? गोरं अंग बघून भुलला तुझा जावई. काळ्याला काळंच बघ. त्याच्यातलंच आण, बरोबरीचं."

"अक्का, मासा आहे तो."

"म्हणून काय त्याला रीत नाय?"

अक्काला घेऊन गेलो शहागंजच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "खाला बराबर बोल रे. शार्क कू शार्कच होना." खाला, म्हणजे मावशी म्हटल्यावर अक्का खूश. त्या माणसाकडं बगळा मागितला असता तरी 'चलेगा चाचा' म्हणत पिशवीत बांधून दिला असता.

दुसरा शार्क आणला. हुबेहूब. अक्कानं दोघांवरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली, आणि जी भावकी पेटली! बांधावरून सख्खे चुलते काय भांडतील असे भांडले. आमच्याला वाटलं, हा आपल्याच तोंडवळ्याचा, म्हणजे वाटणी मागायला आला. नवा आला तो हवेच्या मोटरमागं लपला, अंगावरचे खवले गेलेले. आमच्याचाही पंख फाटला, आणि गोल्डफिश आल्यापासून जे दोन घास खायला लागला होता तेही बंद.

"जुळंल रे. नव्या माणसाला वेळ लागतो."

"अक्का, तोवर दोन्ही जातील."

"सगळं तुझ्याच मनासारखं! वहिनी असती तर तिनं ऐकलं असतं माझं."

"ती कधीच ऐकत नव्हती. म्हणून तर संसार झाला."

अक्का फुगून एसटीनं गेली. नवा शार्क दुकानात परत दिला. दुकानदारानं घेतला आणि सल्ला दिला की तुमच्याचीच आदत खराब आहे.

त्यानंतर मी कुणाला विचारलं नाय. त्याच खुर्चीत बसून नुसतं बघत राहिलो. दुसरा उद्योग होता कुठं? तळ याचा. तळाला जो येईल तो दुश्मन. याच्यासारखा दिसणारा तर पक्का दुश्मन. सुस्त आणि लांब शेपटीचा दिसला की याला चेष्टा सुचती. म्हणजे पाहिजे कोण? वरच्या पाण्यात राहणारा, चपळ, आखूड शेपटीचा, याच्याशी तोंडवळा न जुळणारा. आणि एकटा नको, घोळका पाहिजे. एकालाच धरून याला छळता येऊ नये.

दुकानात पट्टेवाले बारके मासे होते. झेब्रा म्हणतात.

"चाचा, ये तो बच्चे लोग लेते. शार्क के साथ शोभेंगे नहीं."

"मला लग्नात मिरवायचे नायत. बांध."

अक्काचा फोन आलाच. "कसले आणलेस?"

"पट्ट्याचे. परजातीचे. लई पळतात."

"पळणारे? मग नांदतील कसे?"

"नांदायचं नाय त्यांना. वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून राहायचं."

सकाळी दाणे टाकले. वर झेब्र्यांनी झुंबड केली. ते भिऊन पळत नाहीत, खातात, हे करवंटीतून दिसलं असावं. शार्क बाहेर आला. एकाच्या मागं लागला, तो हाती लागंना. दुसऱ्याच्या मागं लागला, तोही गेला. थकून खाली आला, तळाला पडलेला दाणा बघितला आणि खाल्ला.

मी स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणलं, "अगं, खाल्लं त्यानं!"

म्हणून झाल्यावर कळलं. मग आणखी दाणे टाकले, मूठभर. जास्त टाकायचे नसतात, ती रोज बजावायची. दुपारपर्यंत पाणी गढूळ झालं, आणि आपल्या शहरात नळ कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं. घरात साठवलेलं होतं ते सगळं पाणी टँकमधी घातलं. चहापुरतं शेजारून मागून आणलं.