मंदाच्या रंगीत जटा

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीला माझ्या स्वयंपाकघरात दूध तापवत उभी होते. फोन तिच्या यजमानांचा, दत्ताजींचा. लष्करात हयात घालवलेला माणूस, चार शब्दांचं काम तीन शब्दांत उरकणारा. "आक्का, मंदा गेली. आंघोळ तुमीच घालायची. दुसऱ्या कुनी डोक्याला हात लावायचा न्हाई, असं सांगून ठेवलंया तिनं." एवढंच बोलले. मूत्रपिंडाचं दुखणं होतं, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. मलकापूरला जाताना एसटीत मी रडले ते मात्र त्या निरोपामुळे. वाटलं, पोरीनं शेवटी माफ केलं मला. माझ्या या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर सोळाव्या वर्षापासून एक केस नव्हता, आणि ही गोष्ट तिच्या सासरच्या गल्लीला सांगणारी मीच होते.

आमचं माहेर आटपाडीचं. मंदाला चाई लागली आणि वर्षभरात डोकं, भुवया सगळं साफ झालं. माझी वेणी तेव्हा गुडघ्यापर्यंत होती, आणि तिच्यासमोर बसून ती विंचरायला मला आवडायचं. खोटं कशाला बोलू? आई माझे गळलेले केस एका डब्यात साठवू लागली. दारावर केस घेऊन भांडी देणारी बाई यायची, तिच्याकडच्या एका स्टीलच्या पातेल्यावर माझा डोळा होता. आईनं ते केस जाळीच्या टोपीवर टाचून मंदाच्या लग्नासाठी टोप केला, तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. माझ्या केसांचं पातेलं व्हायचं सोडून ही नवरी झाली, असं मी आईला तोंडावर म्हणाले. मंदा तिथंच भाजी निवडत होती... तिनं मान वर केली नाही.

तो टोप घालून तिचं लग्न झालं. आठ दिवसांनी तिनं तो काढून दत्ताजींच्या पुढ्यात ठेवला. ते म्हणाले, "आमच्या पलटनीत निम्म्यांची डोकी अशीच हायती." आणि विषय संपला. सासूबाईंना मात्र नवरा-बायकोनं कधी कळू दिलं नाही. माणूस सीमेवर असायचा, हिचा पदर डोक्यावरून ढळायचा नाही, त्यामुळे गल्लीत तिच्या वळणाचं कौतुक व्हायचं. टोप विरला की ती स्वतःच नवा करायची. हात तिथं बसला.

रंगाचं खूळ आणलं माझ्या मुलीनं, केतकीनं. पुण्यात कॉलेजला होती. सुट्टीत येऊन म्हणाली, मावशी, मला केसांत गुंफायच्या जांभळ्या जटा करून दे, तिकडे मुली हजारो रुपये देऊन घालतात. मंदानं पार्सलनं नायलॉनच्या केसांच्या लडी मागवल्या. माळ्यावरच्या खिडकीच्या गजाला लड बांधायची, कंगव्यानं उलटी विंचरून तिचा गुंता करायचा, तो तळहातावर वळत वळत दोरासारखा घट्ट करायचा, मग कुकरच्या वाफेवर धरायचा आणि टोक उकळत्या पाण्यात बुडवायचं, म्हणजे पीळ सुटत नाही. बोटांना कायम फोड. केतकीच्या मैत्रिणींनी मागितल्या, त्यांच्या मैत्रिणींनी मागितल्या, आणि दोन वर्षांत मलकापूरच्या त्या माळ्यावरून पोपटी, गुलाबी, मोरपिशी जटा कुठे कुठे जायला लागल्या.

एका दुपारी मी न सांगता वर गेले. मंदा पदर टाकून बसली होती आणि जाळीच्या टोपीवर टाचलेल्या, कमरेपर्यंतच्या निळ्या-गुलाबी जटा लेवून मोबाईलच्या काचेत स्वतःला बघत होती. मला बघून दचकली नाही, हसली. म्हणाली, "आक्का, काळा टोप घातला की जीव मुठीत असतोय, कुनी वळखंल म्हनून. हे खोटं हाय ते आंधळ्याला बी दिसतंय. मग भ्या कशाचं?" मी म्हणाले, चाळिशी उलटलेल्या बाईला हे सोंग शोभतं का? तिनं हळूच काढून ठेवल्या. तिला इतकी सुंदर मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि तेच मला सहन झालं नसावं.

पुढचं सगळं माळ्यावर जटा वाळत टाकायच्या दोरीमुळे झालं. शेजारच्या सुमनकाकू पापड वाळत घालायला म्हणून माळ्यावरून गच्चीवर निघाल्या आणि दोरीवर लोंबणाऱ्या केशरी जटा पाहून त्यांनी हात जोडले. हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. आमच्या भागात केसांचा आपोआप गुंता झाला की देवीची जट आली म्हणतात, ती कापत नाहीत, विंचरत नाहीत. गल्लीनं हिशेब मांडला. मंदा कधी कुणासमोर न्हात नाही, पदर काढत नाही, घरात जटा पुजते, म्हणजे हिच्याच डोक्यात जट आहे. दर मंगळवारी बायका ओट्या घेऊन यायला लागल्या. सासूबाईंना सुनेचा कोण अभिमान. मंदा त्या दिवशी न्हाणीघरात कडी लावून बसायची. तिनं मला बोलावून घेतलं. "आक्का, तू मास्तरीण हायस, तुझं ऐकत्याल. काय तरी सांग, पर त्ये सांगू नकोस."

मी गेले. सोप्यात पंधरा-वीस बायका. मी समजावलं, हा धंदा आहे, नायलॉन आहे. ऐकेनात. सुमनकाकू म्हणाल्या, "आवं बाई, तुमाला काय ठावं? तुमच्या भैनीवर देवी हाय, तुमच्यावर न्हाई." एवढंसं वाक्य. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "कसली देवी? बोडकी आहे ती."

बोडकी. नवरा जिवंत असलेल्या बाईला, तिच्या सासूसमोर. सासूबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि आत जाऊन न्हाणीघराची कडी वाजवली... मंदा बाहेर आली ती टोप काढून, पदर खांद्यावर घेऊनच.

त्यानंतर कुठल्याही संक्रांतीला, कुठल्याही डोहाळजेवणाला तिला कुणी बोलावलं नाही. कुणी भांडलं नाही, टोमणा मारला नाही, नुसतं वगळलं. सासूबाई हळदकुंकवाला एकट्या जायच्या. मंदा रागावली असती तर मी पाया पडले असते. तिनं तीही सोय ठेवली नाही. मी गेले की ती माझ्यासमोर टोप काढून, उघड्या डोक्यानं चहा घेऊन यायची. "तुझ्यापुढं काय झाकायचं आता?" आठ वर्षं, दर भेटीला.

मलकापूरला पोहोचले तर दारात माणसं होती. मी मागच्या खोलीत पाणी न्यायला सांगितलं. दत्ताजी आडवे आले. "आत न्हाई आक्का. आंगनात. तसंच सांगितलंया." अंगणात त्याच बायका दोन्ही बाजूंनी लुगड्याचा आडोसा धरून उभ्या होत्या. नवऱ्यामागं न राहता गेली, भाग्याची गेली, म्हणून सगळ्या ओटी घेऊन आल्या होत्या. तिनं मला कशासाठी नेमलं होतं ते तेव्हा कळलं. मी तिचा पदर काढला, टोप काढला, डोक्यावर तेल घातलं. ते कुठेच थांबलं नाही, सरळ कानामागून ओघळलं. पुन्हा घातलं, पुन्हा ओघळलं. डोक्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मंदानं मला माफ केलेलं नव्हतं, आणि मी तिच्या जागी असते तर मीही केलं नसतं.

तेराव्यानंतर दत्ताजींनी मला आणि केतकीला माळ्यावर नेलं. शेवटच्या महिन्यांत बसवत नसतानाही तिनं एकेक जट वळून ठेवली होती, प्रत्येकीला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी. केतकीची जांभळी. सासूबाईंची चक्क पांढरी. गल्लीतल्या, ज्यांनी तिला वगळलं त्या सगळ्यांच्या, एकही नाव राहिलं नव्हतं. मी दोनदा सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. दत्ताजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी इचारलं हुतं तिला, आक्काची कुठली? काय बोलली न्हाई."

ते दोघं खाली उतरल्यावर मी पोपटी जटेची चिठ्ठी तोडली आणि ती जट माझ्या पिशवीत घातली. तिला अजून कुकरच्या वाफेचा, जळक्या नायलॉनचा वास येतो. चिठ्ठीवर सुमनकाकूंचं नाव होतं. त्यांना हे आज मी लिहिलेलं वाचूनच कळेल. मागायला आल्या तरी मी ती देणार नाही.