चिंचवणीनं न उतरलेली नशा

माझ्या पोरानं माझ्या सुनेचा दात पाडला तेव्हा मी अंगणात कांदे निवडत बसले होते. भर दुपार होती. निमगाव सावाला आमचं घर मळ्यात आहे. घरासमोर कांदे साठवायची लाकडी पट्ट्यांची बराख, बाजूला गोठा. सून बराखीतून पाटी भरून घेऊन आली, पाटी खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "जेवायला बसता का?" त्यानं तिच्या तोंडावर गुद्दा मारला.

आधी कधी त्यानं तिला हात लावलेला नव्हता. चिडका होता, पण मारकुटा नव्हता. ती खाली बसली, तोंडातून रक्त आलं, हातावर दात पडला. तो तिच्याकडं वाकून बघत होता. डोळे लाल आणि पापणी लवत नव्हती. म्हणाला, "तू कोण हाय? माझी बायकू कुठं पुरली?"

मग त्यानं माझ्यापुढचा विळा उचलला.

सून बराखीत पळाली आणि आतून दाराची कडी धरून राहिली. तो दाराच्या पट्ट्यांमधून विळा आत घालून हाणत होता. कांद्यांचे काप आणि लाकडाचे ढलपे उडत होते. मी खोऱ्याचा दांडा घेतला आणि त्याच्या कोपरावर घातला, दोन्ही हातांनी, जोर लावून. हाडाचा आवाज मला आला, त्याला आला नाही. विळा पडला. लोंबत्या हातासकट तो माझ्याकडं वळला आणि त्यानं मला ढकललं. माझं डोकं उंबऱ्याला लागलं. त्याची खूण अजून आहे.

आता गांजाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घराला गांजा नवा नाही. माझे सासरे भजनाला जायच्या आधी चिलीम ओढायचे. ओढली की दोन भाकरी जास्त खायचे, कशालाही हसायचे आणि पेटीवाल्याच्या खांद्यावर झोपायचे. कधी जास्त झाला तर सासू चिंच कोळून तांब्याभर पाणी पाजायची. ओकले की उतरायचा. ते गेल्यावर त्यांची चिलीम देवळीत देवांशेजारी ठेवली आणि दिवाळीला तिलाही हळदकुंकू लागायचं. आमच्यात दारू पिणाऱ्याला शिव्या होत्या, गांजावाल्याला नव्हत्या.

पोरगा पिकअपवर टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला जायचा. येताना हायवेच्या एका धाब्यावर थांबायचा. तिथून तो पाकीट आणायला लागला. मसाल्याच्या पुडीसारखं चकचकीत, आत चहापत्तीसारखा पाला, वास अगरबत्तीचा. मी विचारलं, "हे काय रे?"

"गांजाच हाय आये. नवा निघालाय, लॅबमधला. पोलिसांच्या टेस्टमधी बी घावत न्हाई."

"गांजाच ना?"

"गांजाच. आज्याच्या गांजाचा नातू."

आम्ही दोघंही हसलो. सून हसली नाही. ती म्हणाली, "आत्या, ह्यांची छाती लई धडधडती ते ओढल्यावर. हात लावून बघा." मी हात लावला नाही.

तर त्या दुपारी आरडाओरडा ऐकून माझे चुलत दीर आणि शेजारच्या मळ्यातले दोघे धावत आले. दीर जुने बैलवाले. नाल ठोकायला बैल कसा पाडायचा ते त्यांच्याइतकं कोणाला येत नाही. त्यांनी कासरा घेतला, पोराच्या पायात फास टाकला, दोघांनी ओढला. पोरगा तोंडावर आपटला. नाक फुटलं. तरी तो उठत होता. एकाचा कान त्यानं दातात धरला तो सुटता सुटेना, तेव्हा दिरांनी त्याच्या जबड्यावर बुक्क्या घातल्या. शेवटी गोठ्याच्या मेढीला पाठ लावून त्याला कासऱ्यानं बांधला. बैल लाथा मारत होते, दावी ताणत होते.

"काय घेतलं व्हतं?" दिरांनी विचारलं.

"गांजा," मी म्हणाले.

"हात् तिच्या! मंग भ्यायचं काय वैनी? काकाला किती यळा उतरवलाय आपुन. चिंच भिजवा."

सून बराखीतून बाहेर आली. ओठ सुजलेला, पदर रक्तानं भिजलेला. म्हणाली, "दवाखान्यात न्या त्यास्नी. हा गांजा न्हाई."

"तू गप गं," दीर म्हणाले. "सिरियल बघून डाक्टरीण झाली व्हय?"

कान फाटलेला शेजारी एवढ्या रक्तातही हसला.

मी चिंच कोळली. दिरांनी पोराचं नाक दाबलं, मी डोकं धरलं आणि तांब्या त्याच्या तोंडात ओतला. अर्धा गेला असेल. मग तो ताठ झाला. डोळे पांढरे फिरले, दात वाजले, सगळं अंग मेढीवर आपटायला लागलं. गोठ्याचं पत्र्याचं छप्पर हादरत होतं. ओकारी आली, पण बांधलेला, मान मागं, त्यामुळं ती बाहेर पडेना. घशात खळखळ आवाज येत राहिला आणि ओठ जांभळे झाले.

दीर म्हणाले, "उतरतोय बघा."

तेव्हा सुनेनं तोच विळा उचलला. मला वाटलं, ही आता त्याला चिरते. तिनं कासरा कापला, त्याला कुशीवर पाडला आणि तोंडात बोटं घालून घाण काढली. बोटं चावली गेली तरी काढली. मग दिरांकडं विळा रोखून म्हणाली, "मामंजी, गाडीत टाका ह्यास्नी. न्हाई तर तुमास्नी बी बांधते."

त्यांनी टाकला. पिकअप तिनंच चालवली. तोवर ती फक्त मळ्याच्या वाटेनं चालवायची, रस्त्यावर पहिल्यांदाच आली होती. मी मागं टोमॅटोच्या क्रेटांच्या मधे बसून त्याला कुशीवर धरून ठेवलं. वाटेत त्याला पुन्हा झटका आला आणि त्याच्या टाचेनं माझी बरगडी दुखावली.

नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, सुनेच्याच वयाच्या. मी सांगितलं गांजा. त्यांनी लघवी तपासली आणि म्हणाल्या, "आजी, गांजा तर दिसत नाही." सुनेनं कमरेला खोचलेलं पाकीट काढून दिलं. ते तिनं निघताना त्याच्या खिशातून काढलं होतं.

डॉक्टरबाईंनी पाला हातमोज्यानं चिवडला. "हा कुठलाही पाला असतो आजी. त्याच्यावर प्रयोगशाळेत केलेलं रसायन फवारतात. मेंदूत गांजा जिथं जाऊन बसतो तिथंच हे बसतं, पण कितीतरी पट जोरानं. साध्या तपासणीत सापडत नाही. आणि सगळ्या पाल्यावर सारखं बसलेलं नसतं."

हे मला लगेच कळलं. टोमॅटोला औषध मारताना टाकीत नीट ढवळलं नाही तर एका ओळीला नुसतं पाणी बसतं आणि एक झाड जळून जातं. पोराच्या वाट्याला जळणारी चिमूट आली होती.

"उतारा काय?" मी विचारलं.

"उतारा नाही. झटके थांबवायचं इंजेक्शन, सलाईन, आणि वाट बघायची. तोंडातून काय दिलं होतं?"

"चिंचेचं पाणी."

"ते फुप्फुसात गेलंय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्याला पुण्याला हलवलं. मूत्रपिंडं बंद पडली होती, रक्त मशीनमधून काढून धुवावं लागलं. छातीत पू झाला. शुद्धीवर आला तेव्हाही भिंतीतून माणसं बोलतात म्हणायचा. सून रोज त्याच्याजवळ बसायची, पण त्याचा हात पोचणार नाही इतकी लांब.

जगला. घरी आला. कोपर वाकडंच जुळलं, गाडी चालवता येत नाही. पिकअप सून चालवते. मार्केटमध्ये पुढच्या दाताच्या फटीवरून तिला कोणी चिडवलं तर ती त्याला आईबहिणीवरून ऐकवते. परत आल्यावर तिनं मला एकदाच, त्याच्या देखत, सांगितलं, "आत्या, पुन्यांदा हात उचलला तर मी जाणार. रडूबिडू नका मंग." मी म्हणाले, "रडणार न्हाई. तुझी पिशवी मीच भरीन."

परवा दीर आले होते. चहा पिता पिता पोराला म्हणाले, "त्या केमिकलच्या नादी लागू नको बाबा. वढायचाच तर आपला साधा वढ. आज्याची चिलीम हाय की." आणि पोरगा, माझ्या देखत, "तेच म्हन्तो मी काका" म्हणाला आणि देवळीकडं बघायला लागला.

त्याला कोण निवडून देणार होतं, साधा कुठला आणि फवारलेला कुठला? धाब्यावरचा माणूसही पुडीवर हात ठेवून गांजाच म्हणाला असेल.

मी उठले, देवळीतली चिलीम घेतली, जात्याशेजारी फरशीवर ठेवली आणि वरवंट्यानं ठेचली. दीर ओरडले, "वैनी! काकांची आठवण व्हती ती!" पोरगा झडप घालून आला आणि त्यानं माझा गळा धरला. एकाच हातानं, कारण दुसरा वर जात नाही. बोटं रुतली. श्वास कोंडला. सून दारात येऊन उभी राहिली. ती पुढं आली नाही, ओरडली नाही, फक्त बघत राहिली. तिला काय बघायचं होतं ते मला ठाऊक होतं, आणि त्यालाही.

वरवंटा माझ्या हातात होता. मी तो खांद्यापर्यंत उचलला.

त्यानं गळा सोडला. खाली बसला आणि खापराचे तुकडे गोळा करायला लागला.

सोडला, म्हणून तो या घरात आहे. नसता सोडला तर वरवंटा कुठं हाणायचा ते मी ठरवलं होतं, आणि ते कोपर नव्हतं.