घरच्या कापसाची प्रतवारी

देवाने निर्माण केलेल्या प्रत्येक वस्तूला आणि माणसाला नंबर देता येतो, अशी बालंबाल खात्री असलेले एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिले. ते आमचे घरमालक. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी वर्ध्याला कॉलेजात शिकायला आलो, तेव्हा पिपरीत त्यांच्या घराची पुढची खोली मला मिळाली. मिळाली म्हणजे आधी माझी तपासणी झाली. काका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्यांच्या बंड्या, म्हणजे कापसाने भरलेल्या बैलगाड्या, रांगेत उभ्या असायच्या. काका बंडीत कोपरापर्यंत हात घालून तळातला कापूस काढायचे, चिमूटभर दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचे आणि नंबर सांगून पुढच्या बंडीकडे वळायचे. तसाच त्यांनी माझा दंड दाबून पाहिला आणि म्हणाले, "धागा मध्यम हाये. कचरा कमी दिसते. ठेवून पाहू." मग किल्ली दिली. मी त्या घरात पाच वर्षं राहिलो, त्यात एक वर्ष नापास झाल्यामुळे वाढलं.

घरातही त्यांचं हेच चालायचं. काकूंच्या वरणाला रोज नंबर मिळायचा. एकदा "आज दोन नंबर" ऐकून काकूंनी वाटी उचलून आत नेली आणि आतून म्हणाल्या, "एक नंबर रांधणारी पाहून घ्या मंग कुठं भेटते त!" काकांनी त्या दिवशी भात ताकाशी खाल्ला, पण नंबर काही बदलला नाही. सेलूकडच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाकडे बराच वेळ पाहिलं आणि भर मांडवात म्हणाले, "फरदड." हंगाम संपल्यावर झाडाला जो उशिराचा, हलका कापूस येतो त्याला फरदड म्हणतात. नवरदेव चाळिशीला टेकला होता हे खरं. पण त्याचा मामा आमच्या मागेच बसला होता. आम्ही न जेवता परतलो. सायकलच्या मागच्या सीटवरून मी कुरकुर केली, तर काका म्हणाले, "मी काय खोटं बोल्लो? सांग."

अशा माणसाला आमच्या कॉलेजच्या कुस्तीच्या चमूने आपला परीक्षक का करावा? काकांनी जन्मात लंगोट घातला नव्हता. पण स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहाजण त्यांच्या ओट्यावर हजर व्हायचो आणि आमचे क्रीडाशिक्षकही सायकल टेकवून मुकाट्याने उभे राहायचे, कारण काकांची नजर चुकत नसे. पवनारचा एक अगडबंब गडी आमच्यात होता, ज्याच्यापुढे खानावळवाल्याने हात टेकले होते. त्याला काका म्हणाले, "वजन हाये, पण ओलं हाये. ओला कापूस काट्यावर भारी भरते बापा, वाळला का समजते." दुसरा एक डाव दिसायला फार देखणे टाकायचा. त्याला म्हणाले, "वरून पांढराफेक, आत कवडी." कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. तो पठ्ठ्या आठ दिवस ओट्याकडे फिरकला नाही आणि नवव्या दिवशी पहाटेपासून जोर काढायला लागला. मला कायम मध्यमच.

पाचांना असे नंबर मिळायचे. सहावा होता दिनकर, काकांचा मुलगा. त्याची पाळी आली की काका चष्मा पुसून म्हणायचे, "चला, चहा घ्या." कारण ग्रेडरने घरचा कापूस तपासायचा नाही, हा त्यांचा नेम होता. सेलूजवळ त्यांची थोडी शेती होती. तिथली बंडी केंद्रावर आली की काका दूर जाऊन उभे राहायचे आणि दुसऱ्या ग्रेडरला बोलावणं जायचं. पूर्वी सिंदीचा एक ग्रेडर यायचा. अकरा वर्षांपूर्वी त्याने काकांच्या चांगल्या कापसाला, निदान काकांच्या मते चांगल्या कापसाला, दोन नंबर दिला. तेव्हापासून काका त्याच्याशी बोलत नव्हते आणि चारचौघांत त्याला चोर म्हणायचे. दिनकरची कुस्ती लागली की ते तसेच उठून मैदानाबाहेर जायचे. तीन वर्षांत त्यांनी मुलाची एकही कुस्ती पाहिली नव्हती. आम्हाला या नेमाची गंमत वाटायची, पण दिनकरला काय वाटतं हे आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं.

ते कळलं माझ्या शेवटच्या वर्षी. हंगाम निम्मा झाला की सिंदीला कॉलेजांची स्पर्धा व्हायची आणि तिच्यावरून विद्यापीठाच्या स्पर्धेला आमच्यापैकी कोण जाणार ते ठरायचं. सकाळच्या पॅसेंजरने निघालो. काका क्रीडाशिक्षकांबरोबर पुढच्या डब्यात होते. दिनकर खिडकीशी बसला होता. मध्येच म्हणाला, "या खेपेले बाबा माह्याबद्दल एक शब्द नाई बोल्ला, त मी कुस्ती सोडतो. हिंगणघाटले बहीण-जवायाच्या दुकानात बसतो. सगळ्यांचं सांगते, माह्यंच नाई. मी का एवढा भंगार हावो?" मी काहीतरी थातूरमातूर बोललो. तीन वर्षं रोज पहाटे माती उकरणारा पोरगा आमच्यात तो एकटाच होता, आणि तो गेला तर आमचा चमू म्हणजे नुसती जत्रा उरणार होती.

सिंदीला आमची कामगिरी वर्णन करण्यासारखी नव्हती. पवनारचा गडी दम लागून हरला. देखणे डाव टाकणाऱ्याने एक कुस्ती मारली, दुसरीत डाव अर्धाच राहिला. माझी कुस्ती तर प्रेक्षकांना सुरू झालेली कळायच्या आत संपली होती. मग दिनकरचं नाव पुकारलं आणि काका सवयीने उठले. मी पाठीची माती झटकत त्यांच्यामागे धावलो. ते पाण्याच्या टाकीमागे मैदानाकडे पाठ करून उभे होते.

"काका, दिनकर कुस्ती सोडून राह्यला."

"काऊन?"

"तुमी त्याले कधीच काई म्हणत नाई म्हणून."

काका म्हणाले, "अरे, मी बाप हावो त्याचा. बापाच्या नंबराले कोण इचारते? लोक म्हंतीन घरचा माल खपवला. त्याची इज्जत राह्यली पायजे म्हणून त मी गप्प राह्यतो."

"हे त्याले ठावूक नाई, काका."

मागे मैदानात एकदम गलका झाला. काकांची मान अर्धी वळली आणि पुन्हा सरळ झाली. दिनकर एका गुणाने हरला. त्याने मानेवर तोल धरून इतका वेळ काढला की समोरच्या कॉलेजची पोरंसुद्धा टाळ्या वाजवत होती. काका यातलं काही न विचारता गर्दीत शिरले, ते थेट पहिल्या रांगेत बसलेल्या सिंदीच्या ग्रेडरपाशी जाऊन थांबले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. काकांनी टोपी काढलेली तेवढी दिसली.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी ओट्यावर नेहमीच्या जागी सिंदीचे ग्रेडर बसले होते आणि काका खाली, पायरीवर. आमचे पाच नंबर काकांनी भराभर उरकले. मी मध्यमवरून आखूड धाग्यावर घसरलो. मग काका म्हणाले, "आता साहेब सांगतीन." सिंदीकरांनी दिनकरला उभं केलं. दंड दाबला, मान पाहिली. म्हणाले, "मजबूत हाये. मेहनत दिसते. पण पकड करायले उशीर करते, अन् उजव्या अंगाले कच्चा हाये. दोन नंबर."

तेवढ्यात पायरीवरून काकांचा आवाज आला. इतका बारीक आवाज त्यांचा आहे हे मला माहीतच नव्हतं. "साहेब, जराक पुन्हा पाह्यता का? तळातून पाहा."

केंद्रावर शेतकरी त्यांच्यापुढे जसे हात जोडून उभे राहायचे, तसे काका उभे होते. सिंदीकर मान हलवून म्हणाले, "दोन नंबरच, भाऊ." आणि दिनकर हसला. दोन नंबर मिळालेला माणूस असा हसताना मी तोवर पाहिला नव्हता.

पाहुणे चहा घेऊन निघाले तसे काका ओट्यावर आपल्या जागी येऊन बसले. म्हणाले, "अकरा वर्षं मी त्याले चोर म्हणलं. चोर असता त आज एक नंबर देऊन गेला असता." मग चपला घालून ते सिंदीकरांना गाडीवर पोचवायला धावतपळत गेले.

विद्यापीठाच्या स्पर्धेला सरांनी दिनकरलाच नेलं. त्या वजनात आमच्याकडे दुसरं कोणी नव्हतं, हेही सांगायला हवं. तिथेही तो दुसऱ्या फेरीत हरला. पण हिंगणघाटला काही गेला नाही. पुढे बरीच वर्षं त्याने पोरांना कुस्ती शिकवली.

काका गेल्यानंतर मी पिपरीला भेटायला गेलो होतो. दिनकर आणि मी ओट्यावर बसलो. बोलता बोलता मी विचारलं, "त्या दिवशी तू हासला काऊन रे?"

"बाबानं पुन्हा पाहा म्हणलं ना," दिनकर म्हणाला. "बाबाच्या मनात मी एक नंबर हावो, हे मले त्या दिवशी समजलं."

"मंग बाबाले सांगतलं कधी?"

"नाई," तो म्हणाला. "तुले वाटते का, मले बोलता आलं असतं?"

काकांना हे कोणीतरी सांगायला हवं होतं. त्या हसण्याचा अर्थ मला त्याच सकाळी विचारता आला असता आणि दोन पावलांवर बसलेल्या माणसाला सांगता आला असता. मला ते सुचलं नाही. आता फार वाईट वाटतं.