सापडलेली पिन

साहेबांच्या मुलीच्या लग्नाला निघायला उशीर होत होता. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बायको इरकल साडी नेसत होती. दोन्ही हातांत निऱ्या आणि ओठांत उघडी सेफ्टी पिन. मी घड्याळाकडे बघत म्हणालो, "नवरी साहेबांची मुलगी आहे की! तू कशाला एवढी नटतेस?"

ती हसली आणि एकदम तिने गळ्याला हात लावला.

"अहो, पिन गिळली की काय मी!"

"पिन गिळायला तू काय शहामृग आहेस?"

पण ती रडवेली झाली. आधी डॉक्टरांकडे जाऊ म्हणाली. मुहूर्त चुकला असता, आणि साहेबांनी मला नुकतंच नोकरीत कायम केलं होतं. मी तिच्या डबीतली दुसरी पिन मुठीत घेतली, पलंगाखाली वाकून शोधल्यासारखं केलं आणि तिच्यापुढे धरली.

"ही बघ. खाली पडली होती."

"पण घशात टोचतंय."

"मनाचे खेळ आहेत."

तिने तीच पिन पदराला लावली. आम्ही निघालो.

तिसऱ्या दिवशी तिचं पोट दुखू लागलं. लग्नातलं जेवण बाधलं असेल म्हणून आईने एरंडेल दिलं. तिने पेला तोंडाला लावला तेव्हा मी दारातच उभा होतो. बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ताप चढला, पोट फळीसारखं ताठ झालं.

दवाखान्यात एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर पिन पांढरी उमटली होती, उघडीच.

"कधी गिळली?" डॉक्टरांनी विचारलं.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "पण ती तर सापडली होती ना, अहो?"

"हो," मी म्हणालो.

आतड्याला भोक पडून पोटात पू पसरला होता. वीतभर आतडं कापून काढलं. ती वाचली. पुढे मूल झालं नाही. त्या पुवामुळेच असावं, असं डॉक्टर म्हणाले. तो दोषही ती स्वतःकडेच घेते. "मीच वेंधळी. दुसरी पिन कधी गिळली, तेही कळलं नाही."

तेव्हापासून ती तोंडात पिन धरत नाही. साडी नेसताना मला हाक मारते आणि पिना माझ्या तळहातावर ठेवते. "धरा. तुमच्याकडे असल्या की मला काळजी नाही."

काल पिना हातात असताना मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय."

"मग सांगा. आधी हलू नका की, पडतील त्या."

मी हात तसाच धरून उभा राहिलो.